डिस्चार्ज बुकाच्या पुढे

सैन्यातून घरी आलेला जवान म्हातारा नसतो, हे गावाला पटवून देण्यात माझा पुष्कळ वेळ गेला. 2022 च्या आधी शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा 15 वर्षांची सेवा पूर्ण झाली की पेन्शनला पात्र होतो. त्यानंतर दोन-चार वर्षांत बहुतेक जण बाहेर पडतात. तेव्हा त्यांचं वय पस्तीस ते चाळीसच्या आसपास असतं. मुलं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, बहिणीचं किंवा धाकट्या भावाचं लग्न कधीकधी व्हायचं असतं. गाव म्हणतं, ‘फौजी रिटायर झाला, आता त्याले काय कमी?’ आणि तिथेच गाव त्याचा विषय संपवतं.

मी स्वतः फौजेतून आलो आणि पुढे नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक झालो. या पदाची बाहेर फारशी कुणाला माहिती नसते. माजी सैनिकांमधूनच ते भरलं जातं. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन बसायचं, आलेल्यांचे अर्ज लिहायचे, न आलेल्यांच्या घरी जायचं, वीरपत्नी, वीरमाता, अपंग जवान यांची विचारपूस करायची, आणि घरी परतलेल्या प्रत्येक फौजीची नोंद कार्यालयात आहे ना हे पाहायचं, असं हे काम. माझ्याकडच्या तालुक्यांत भिवापूर होता.

नागपूरहून उमरेडमार्गे सुमारे 75 किलोमीटरवर भिवापूर. मिरचीचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत. इथल्या लालभडक मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरची खुडण्याच्या आवारांत, लाल ढीग पडतात आणि बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. अलीकडे उमरेडच्या कोळसा खाणी, पलीकडे वैनगंगा आणि गोसीखुर्द धरणाचं पाणी, मध्ये कऱ्हांडल्याचं वाघांचं जंगल. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी रेल्वे इथून जायची. सुट्टीवर येणारे जवान ट्रंक घेऊन याच गाडीनं यायचे. रुंदीकरणासाठी ती 2019 मध्ये बंद झाली. कारखानदारी म्हणावी अशी इथं नाही. सैन्यातून आलेल्या माणसाला काम शोधायचं तर उमरेड, बुटीबोरी किंवा नागपूर गाठावं लागतं. म्हणजे घर एकीकडे आणि काम दुसरीकडे. सतरा वर्षं जे चाललं होतं तेच पुन्हा.

नवीन माणूस समोर बसला की मी आधी नोकरीचं विचारत नसे. मी विचारायचो, “घर कोणाच्या नावावर आहे?” बहुतेकांना हा प्रश्न अपेक्षित नसायचा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, ओळखपत्र, फोटो अशी सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलेली असायची. फौजेची शिस्त तिथं दिसायची. पण ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा शेताचा सातबारा विचारला की उत्तर यायचं, “ते बाबाच्या नावावर असन जी.” बाबा वारलेले असले तर मोठ्या भावाकडे बोट जायचं. पैसा यानं पाठवला, भिंती भावानं उभारल्या, कागदावर नाव वडिलांचं, आणि राहायला तीन भावांची कुटुंबं.

एका हवालदाराचे शब्द मला अजून आठवतात. उत्तरेच्या सीमेवर त्याची बरीच नोकरी झाली होती. तो म्हणाला, “साहेब, बंकरमंदी मायी जागा ठरलेली रायत होती. मायाच घरात मले खाट टाकाले जागा नाही.” त्याची कुणावर तक्रार नव्हती. भाऊ चांगला होता, भावजय जेवायला वाढत होती. सुट्टीवर आलेल्या फौजीसाठी घरात दीड महिन्याची जागा होती आणि आता तो कायमचा आला होता, एवढंच.

निवृत्तीच्या वेळी जवानाच्या हाती एकरकमी पैसा येतो. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, सामूहिक विम्याची रक्कम आणि पेन्शनचा काही भाग विकून मिळालेले पैसे. जवानाला पेन्शनचा 50 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो. म्हणजे चाळिशीत विकलेली पेन्शन पंचावन्नाव्या वर्षी परत येते. मधली 15 वर्षं, ज्यात मुलांची शिक्षणं आणि लग्नं व्हायची असतात, कमी पेन्शनवर काढायची. हे गणित सही करताना माणसाच्या डोक्यात नसतं. एवढी रक्कम त्यानं आयुष्यात प्रथमच एकदम पाहिलेली असते आणि ती आल्याचं त्याच्याआधी नातेवाइकांना कळलेलं असतं.

ती रक्कम कुठं जाते हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. कुणाचा मेहुणा ढाब्यात भागीदार करून घेतो. कुणी दुप्पट पैसे देणाऱ्या योजनेत अडकतो. सगळ्यात जास्त पैसा जातो तो शहराच्या कडेच्या प्लॉटमध्ये. शेतजमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या, पाटी लावलेली, माणूस गोड बोलणारा. जमीन अकृषक झालेली नाही, आराखडा मंजूर नाही, रजिस्ट्रीऐवजी साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं. फौजी शब्दावर विश्वास ठेवतो, कारण पलटणीत शब्दावरच सगळं चालतं. मी अशा किती जणांबरोबर तलाठ्याकडे आणि नगररचना कार्यालयात बसलो! काहींचं प्रकरण सुटलं, काहींचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून पुढं मी एकच आग्रह धरला. पैसा खात्यात आला की सहा महिने त्याला हात लावायचा नाही. मुदत ठेवीत टाका, घरी सांगा की संघटक साहेबांनी बंदी घातली आहे, माझं नाव पुढं करा. बऱ्याच जणांनी तसं केलं आणि माझ्या नावाचा राग त्यांच्या नातेवाइकांनी धरला. मला त्याचं काही वाटलं नाही.

सरकारच्या सवलती आहेत, आणि त्या घराशी जोडलेल्या आहेत हे फौजींना सांगावं लागतं. महाराष्ट्रात 2020 पासून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या योजनेत माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या घरपट्टीतून माफी आहे. पण घर त्याच्या नावावर हवं. नमुना 8 वर बापाचं नाव असेल तर अर्ज परत येतो. सेवेत असताना सामूहिक विमा निधीतून घरासाठी कर्ज मिळतं. सैन्याची गृहनिर्माण संस्था 1978 पासून शहरांत घरं बांधते. सरकारी जमिनीच्या वाटपाच्या नियमांत सैनिक आणि माजी सैनिकांचा विचार आहे. यातलं बरंचसं निवृत्तीच्या आधी करायचं असतं. मी भेटायचो तेव्हा माणूस निवृत्त होऊन गेलेला असायचा.

गोसीखुर्दच्या बाजूच्या एका गावाची गोष्ट वेगळीच होती. या धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं आणि पुढची कित्येक वर्षं वैनगंगेकाठची गावं उठत राहिली. त्या गावातला मुलगा भरती झाला तेव्हा गाव जागेवर होतं. निवृत्त होऊन आला तेव्हा गाव पुनर्वसनाच्या गावठाणात होतं. सारख्या मापाचे प्लॉट, सरळ रस्ते, नव्यानं बांधलेलं देऊळ. जुन्या वाड्याचा मोबदला वडिलांना मिळाला होता आणि तो घराच्या बांधकामात आणि दोन लग्नांत संपला होता. हा दूर होता, सह्या करायला नव्हता, म्हणून त्याच्या वाटचं स्वतंत्र काही झालं नाही. तो मला म्हणाला, “साहेब, मी कोठं परत आलो हेच मले समजत नाही.” शेत पाण्याखाली, नदीवरचा घाट पाण्याखाली. सैन्यात असताना ज्या गावाच्या आठवणीवर त्यानं बर्फातले दिवस काढले ते गाव उरलंच नव्हतं. त्याच्यासाठी नोकरीचा अर्ज लिहिणं सोपं होतं, पण त्यानं बरेच महिने कुठंच जायचं नाकारलं. शेवटी पुनर्वसन गावठाणातल्याच शाळेच्या मैदानावर पोरांना भरतीची धाव शिकवायला त्यानं सुरुवात केली. पैसे नव्हते त्यात. पण पहाटे पाच वाजता त्याला उठवणारं काहीतरी मिळालं. वर्षभरानं तो स्वतः येऊन म्हणाला, आता नोकरीचं पाहा.

नोकरीचं म्हणजे बहुतेकांसाठी सुरक्षारक्षकाचं. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, ज्याला सगळे मेस्को म्हणतात, 2002 पासून सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांना माजी सैनिक सुरक्षारक्षक पुरवतं. ते काम प्रामाणिक आहे, पगार वेळेवर मिळतो, अनेक घरं त्यावर उभी राहिली आहेत. कोळसा खाणींच्या भागात आणखी एक मार्ग आहे. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेत माजी सैनिकांच्या कंपन्यांना कोळसा भरण्याचं आणि वाहतुकीचं काम मिळतं. राज्याच्या नोकरभरतीत क आणि ड गटात 15 टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र ज्याची दहावी पंचवीस वर्षांमागची आहे त्यानं गणित-बुद्धिमत्तेचा पेपर बावीस वर्षांच्या मुलांबरोबर सोडवायचा, हे सोपं नाही. जे पास झाले त्यांनी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पुस्तकं हातात घेतली होती, हे मी प्रत्येक वेळी पाहिलं.

माझं दुखणं वेगळं होतं. सैन्य माणसाला खूप काही शिकवतं आणि आपण त्याला फाटकावर उभं करतो. ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या यांत्रिकी विभागाचा, जवान रणगाड्याचं इंजिन उघडून जोडतो. सिग्नलचा जवान बर्फाच्या वादळात संपर्क चालू ठेवतो. वैद्यकीय कोअरचा नर्सिंग असिस्टंट गोळी लागलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचवतो. भिवापूरसारख्या तालुक्याला या तिघांचीही गरज आहे. ट्रॅक्टर आहेत, मोटारपंप आहेत, आणि रात्री-अपरात्री साप चावलेल्या माणसाला घेऊन धावणारं कुणी लागतं.

भिवापूरजवळच्या एका गावात ईएमईचा असाच एक मेकॅनिक होता. त्याला रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर-पंप दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. एका बँकेत गेला तर तिथं विचारलं, “आयटीआयचं प्रमाणपत्र आहे का?” आयटीआय त्यानं केलेलं नव्हतं, वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं केली होती. सैन्यातल्या प्रत्येक ट्रेडला मुलकी व्यवसायातला समकक्ष ट्रेड ठरवून दिलेला आहे आणि तसा उल्लेख डिस्चार्जच्या कागदांत असतो. तो कागद त्याच्याच पिशवीत होता, त्यानं कधी वाचला नव्हता. आम्ही त्याचा मराठी अनुवाद केला, सोबत अर्ज जोडला आणि मी त्याच्याबरोबर बँकेत जाऊन बसलो. दुसऱ्या बँकेत कर्ज मंजूर झालं. त्यानं दुकान टाकलं आणि वर्षभरात गावातली दोन पोरं हाताखाली घेतली. शेतकरी त्याला ‘मेजर’ म्हणतात, तो मेजर कधीच नव्हता. मिरचीच्या हंगामात पंप बंद पडला तर तो रात्रीही जातो, कारण त्या दोन दिवसांत पाणी मिळालं नाही तर झाड उभं वाळतं हे त्याच्याच बापानं त्याला लहानपणी दाखवलेलं आहे.

ड्रायव्हरांचंही तसंच. सैन्याची अवजड गाडी हिमाचलच्या घाटात चालवलेला माणूस साध्या परवान्याअभावी घरी बसतो. सैन्याचा परवाना मुलकी परवान्यात बदलून घेता येतो, पण तो सेवेत असताना किंवा बाहेर पडल्याबरोबर घ्यायचा. उशीर केला की कागद मागवत बसावं लागतं. सांगायला मिनिटभर लागतं, न सांगितल्यास वर्ष जातं.

घरातल्या बाईबद्दल न लिहिता हे लिखाण पूर्ण होणार नाही. सतरा वर्षं तिनं घर चालवलेलं असतं. मुलांच्या शाळेची फी, सासऱ्याचं औषध, मजुरांचा हिशेब, बचत गटाचं कर्ज, सगळं तिच्या हातात. नवरा येतो आणि पहिल्याच आठवड्यात घराला हुकूम सोडायला लागतो. पोरगं उशिरा उठलं म्हणून आवाज चढतो. एक बाई मला म्हणाली, “साहेब, पहिले ते दूर होते तं काळजी होती. आता जवळ हायेत तं धाक हाये.” ती रडत नव्हती, अगदी शांतपणे सांगत होती. तिच्या नवऱ्याला मी समजावायला गेलो तेव्हा तो म्हणाला, मले हुकमाशिवाय बोलताच येत नाही, मी काय करू? तेव्हापासून मी नवऱ्यांबरोबर बायकांनाही भिवापूरच्या बैठकीला बोलवायला लागलो. पुरुष पेन्शनच्या रकमेबद्दल विचारायचे, बायका पेन्शन खात्यावर आपलं नाव आहे का हे विचारायच्या. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर त्या एकमेकींशी बोलू लागल्या आणि माझं काम हलकं झालं. दारूचं बोलायचं तर तेही तिथंच निघालं. कँटीनची बाटली गावात प्रतिष्ठेची वस्तू असते. प्रत्येक लग्नात, प्रत्येक निवडणुकीत फौजीकडून ती अपेक्षिली जाते. दुसऱ्याला देता देता तो स्वतःही रोज घेऊ लागतो. ज्याला काम मिळालं त्याचं कमी झालं, ज्याला नाही मिळालं त्याचं वाढलं. याहून वेगळं कारण मला तरी दिसलं नाही.

अपंगत्व घेऊन आलेल्यांसाठी पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी ती 1917 मध्ये सुरू झाली. माझ्या भागातला पाय गमावलेला एक जवान तिथं जाऊन आला आणि संगणकाचं काम शिकून आला. परदेशातलं एक उदाहरण सांगतो. दुसरं महायुद्ध संपण्याआधीच अमेरिकेनं 1944 च्या एका कायद्यात परतणाऱ्या सैनिकांचं शिक्षण आणि घरासाठीच्या कर्जाची हमी दोन्ही एकत्र बांधली. काही चुकलंही असेल त्यात, कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा लाभ फार कमी मिळाला हे सर्वज्ञात आहे. तरी मूळ विचार मला मोलाचा वाटतो. घर आणि काम यांची फाइल एकच असावी. आपल्याकडे नोकरीचा अर्ज एका टेबलावर, घराचा दुसऱ्यावर, जमिनीचा तिसऱ्याच खात्यात, आणि माणूस मात्र एकच असतो.

आता पुढचा प्रश्न मला जास्त सतावतो. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यातून भरती होणारे ते अग्निवीर. चार वर्षांची सेवा, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत मुलं पुढं ठेवली जाणार, बाकीची घरी. शेवटी एकरकमी सेवानिधी सुमारे 11 लाख 71 हजार रुपये, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण 2022 च्या अखेरीपासून सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी 10 टक्के जागा राखून ठेवण्याची घोषणा 2022 मध्येच झाली. पण भिवापूर तालुक्यातला मुलगा बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी अकरा लाख रुपये घेऊन घरी येईल, तेव्हा त्याच्याभोवतीही ढाबेवाला, प्लॉटवाला, दुप्पट पैसेवाला जमणारच. आधीच्या पिढीच्या फौजीला निदान दर महिन्याला पेन्शन होती, चूक झाली तरी चूल पेटत होती. या मुलाच्या हाती एकदाच पैसा येणार आहे.

म्हणून सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे. तुमच्या गावातून सध्या कोण कोण सैन्यात आहे, त्याची यादी ग्रामपंचायतीत ठेवा. तो सुट्टीवर येतो तेव्हा सत्कार करा, पण त्याच दिवशी त्याचा नमुना 8, सातबारा, फेरफार काय म्हणतो ते दाखवा. वाटणी व्हायची असेल तर तो सेवेत असतानाच होऊ द्या. त्याच्या ट्रेडचं गावात काय काम आहे ते आधी ठरवा. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यानं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कल्याण संघटकाला भेटावं. तिथं गेल्यावर कुणी हटकत नाही. जाताना पत्नीलाही बरोबर न्यावं. आणि अग्निवीराच्या आईवडिलांनी मुलाचा सेवानिधी खात्यात आल्या दिवसापासून सहा महिने त्याला हात लावू देऊ नये, मग मागणारा सख्खा मामा का असेना.